सड्यावर उमटलेल्या चाकोऱ्या

देवावर माझी श्रद्धा पहिल्यापासून आहे, पण ती थोडी आळशी जातीची. शनिवारी मारुतीला तेल वाहायचं आणि आपल्या अंगावरची काळजी त्याच्या अंगावर ढकलून घरी येऊन जेवायचं, अशी माझी भक्ती. त्यामुळे पुढे जे घडलं ते माझ्या भक्तीचं फळ होतं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आमचा एक ट्रक आहे. तो माझा धाकटा भाऊ संतोष चालवतो आणि मी ओट्यावर बसून मालक म्हणवून घेतो. खामगावच्या तेलगिरणीतून ढेप, म्हणजे गुरांची पेंड, भरायची आणि घाट चढून-उतरून पलीकडच्या गावांना पोचवायची, हे आमचं काम. एका दुपारी फाट्यावर वळताना एक टँकर आला आणि ट्रकच्या मागच्या डाव्या चाकापाशी आदळला. संतोषला खरचटलंसुद्धा नाही. फळ्या तुटल्या, दिवा फुटला, पत्रा चेपला. दिसत होतं तेवढं सगळं आम्ही दुरुस्त करून घेतलं. मी स्वतः गॅरेजमध्ये दोन दिवस उभा होतो, पण कशासाठी? तर मागच्या फळीवरच्या अक्षरांना पिवळा रंग द्यावा की केशरी, हे ठरवण्यासाठी. गाडीखाली वाकून पाहण्याचं माझ्या मनात आलं नाही. पोट आडवं येतं, हे त्याचं दुसरं कारण.

गाडी घरी आणली त्या संध्याकाळी संतोष म्हणाला, "दादा, गाडी सरळ नाही चालून राह्यली. स्टेरिंग वाकडं धरावं लागते."

"चाकात हवा कमी असंन."

"हवा पाह्यली मी."

"मंग तुह्या मनातला भेव हाये तो. धडक बसली की मानसाले महिनाभर सारंच वाकडं वाटते."

बायकोनं स्वयंपाकघरातून सांगितलं, "भाऊजी म्हणून राह्यले तं एकडाव पाहून घ्या ना!" मी म्हटलं, शनिवारी पूजा आहे, रविवारी ढेप भरायची आहे, आता पुन्हा गॅरेज नको. पण खरं सांगतो, त्या क्षणापासून माझ्या डोळ्यांपुढून एकच चित्र हलेना. घाटातली ती वळणं, वर भरलेला माल आणि आत एकटा संतोष. जेवताना तेच, पेपर वाचताना तेच. संतोषचं म्हणणं खरं असलं तर? आणि गंमत अशी, की जितकी भीती वाढली तितका मी पूजेच्या तयारीला जोरात लागलो. नारळ दोनाचे पाच केले, झेंडूचा हार लांब करवून घेतला. मारुतीराया, आता तूच सांभाळ, असं दिवसातून वीस वेळा म्हणत होतो. त्याला मी शरणागती समजत होतो.

आमच्याकडे गाडी नवी घेतली किंवा मोठ्या कामातून बाहेर आली, की तिला गावाबाहेरच्या मारुतीपुढे उभं करतात. नारळ फोडायचा, पुढच्या दोन्ही चाकांखाली लिंबं ठेवायची आणि देवासमोरून गाडी सरळ पुढे न्यायची. एरवी तिथली जमीन दगडासारखी टणक. पण दुसऱ्या दिवशी भंडारा होता, म्हणून बायकांनी माती पसरून तिच्यावर दाट सडा टाकला होता. आम्ही गाडी त्यावर घालणार म्हणून त्यांनी आम्हाला दोन शब्द ऐकवलेही. संतोषनं गाडी सुरू केली, लिंबं फुटली, ट्रक पुढे गेला. मी डोळे मिटून हात जोडले.

निंबाखाली एक म्हातारा खोकत, मधेमधे पाणी पीत बसला होता. पायी शेगावला निघालेला कोणी असावा. खांद्यावर गाठोडं, पायात झिजलेल्या वहाणा. प्रसाद हवा असेल म्हणून मी खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. त्याचं लक्ष खाली जमिनीकडे होतं.

"मालक, गाडीले मांगून डाव्या अंगानं ठोकलं होतं काय?"

मी दचकलो. "तुमाले कोनं सांगतलं?"

"जमिनीनं." त्यानं बोटानं दाखवलं. ओल्या सड्यावर चाकांचे पट्टे स्वच्छ उमटले होते. एका बाजूला पुढच्या चाकाचा पट्टा मागच्या जोडचाकांनी पूर्ण झाकला होता. दुसऱ्या बाजूला तो चार बोटं उघडा राहिला होता. "जिंदगीभर बैलबंड्या बनवल्या म्या. हिच्या मांगच्या चाकांचा आख सरकला, मालक. गाडी तिरपी चालून राह्यली. बैल असते तं खांद्यानं सांगतलं असतं. हिच्या डायवरले इचारा."

संतोष केबिनमधून उतरून मागे येऊन उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. पाच नारळ फोडलेला मालक तेव्हा केवढा लहान दिसला असेल, ते मला आजही आरशात पाहवत नाही. तरीसुद्धा कबूल करतो, मनात पहिला विचार आला तो असा, की एवढ्या लोकांसमोर पूजा झालेली गाडी परत गॅरेजला कशी न्यायची? मग दुसरा विचार घाटाचा आला. मी गिरणीला फोन करून रविवारची भरती नाही म्हणून कळवलं आणि केबिनमध्ये चढलो. खामगावपर्यंत रिकामी गाडी बैलगाडीच्या चालीनं नेली. स्टेरिंग धरलेले संतोषचे हात सबंध वाटभर तिरपे होते.

यावेळी स्प्रिंगच्या पाट्यांचं काम करणाऱ्या जुन्या मिस्त्रीकडे गेलो. गाडीचं वजन पेलणारे ते पोलादी पाटे त्यानं सोडवले, तेव्हा त्यांना जागेवर धरणारा बोल्ट दोन तुकडे होऊन निघाला. पुढे चेसीवर, अक्षरांतून उरलेला केशरी रंग मी हौसेनं फासून घेतला होता त्याच्या खाली, बोटभर तडा होता. "गाडी भरून न्यायची होती काय?" मिस्त्रीनं विचारलं. मी हो म्हटलं. त्यानं मान हलवली आणि कामाला लागला.

चार दिवस लागले. शेवटी मिस्त्रीनं पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत सुतळी धरायला लावली. एक टोक माझ्या हातात, एक संतोषच्या. डावी बाजू मोजली, उजवी मोजली. सारखी भरली. संतोष हसला, मला मात्र सुतळी सोडवेना.

बायको म्हणते, तो म्हातारा म्हणजे साक्षात मारुती. मी वाद घालत नाही. मारुतीला असा खोकला होतो का आणि त्या म्हाताऱ्यानं मागितली तशी तो जाताना चुन्याची डबी मागतो का, हे मला माहीत नाही. एवढं खरं, की त्या वाटेनं त्याला पुन्हा कोणी पाहिलं नाही, आणि त्याच दिवशी, त्याच जागी माती ओली होती. देवानं आधी माझ्या भावाच्या हातांतून सांगितलं, मग बायकोच्या तोंडून सांगितलं. मी ऐकेना, तेव्हा बिचाऱ्याला जमिनीवर लिहून दाखवावं लागलं. मी डोळे मिटून त्याच्यावर भार टाकत होतो आणि तो मला डोळे उघड म्हणत होता. शरण जाणं म्हणजे आपलंच खरं हा हट्ट सोडणं, एवढंच मला उमगलं.

पुढच्या आठवड्यात संतोष भरली गाडी घेऊन घाट उतरला. "पोचलो, दादा," एवढाच फोन आला. मी ओट्यावर बसून पोरासारखा रडलो. तो परत आला तेव्हा गाडीकडे न बघता त्याला शेजारी बसवलं आणि विचारलं, "काय म्हनते गाडी?" तो सांगत गेला, पार अंधार पडेपर्यंत, आणि मी ऐकत राहिलो.