‘अचीव्ह’ आणि वसंतभाऊंचे रविवार

वसंतभाऊ गेले हे मला क्लासच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. वीस वर्षांची मैत्री, एकाच धुळ्यात दोघांची घरं, आणि बातमी मला कुणा माजी विद्यार्थ्याच्या ‘भावपूर्ण श्रद्धांजली’तून! खाली हात जोडलेल्यांची रांग लागली होती. मीही जोडले. बोट उचलल्यावर स्वतःचीच एवढी लाज वाटली, की फोन उलटा करून ठेवला... अडीच वर्षं आम्ही बोललो नव्हतो. चूक माझी होती, आणि तीच आज लिहायला बसलोय.

भाऊ मूळचे रावेरकडचे, केळीवाल्या घरातले. उभी नोकरी पाचोऱ्याच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर ते धुळ्याच्या देवपुरात राहायला आले आणि मी त्यांना माझ्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासवर ओढून आणलं. तिथं मी मालक, ते मास्तर. पण ते मला ‘सुरेश’ म्हणायचे, मी त्यांना ‘भाऊ’, आणि ओरडा खायची पाळी कायम माझ्यावर. त्यांची शिकवायची तऱ्हाच जगावेगळी. इंग्रजी शब्दाचा अर्थ ते फळ्यावर लिहून देतच नसत. आधी शब्द कुठून आला ते सांगायचे, मग पोरांना विचारायचे, ‘हा शब्द तुझ्या घरात कुठं वापरशील?’ घरातलं उदाहरण मिळेपर्यंत पुढचा शब्द नाही. मी दाराआडून घड्याळ दाखवायचो. ते माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत.

‘अचीव्ह’ या एका शब्दावर त्यांनी सबंध तास घालवला होता. चिडून ऐकायला म्हणून मागच्या बाकावर जाऊन बसलो आणि अडकलो. भाऊ सांगत होते, हा शब्द इंग्रजांनी फ्रेंचांकडून उचलला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘डोक्याशी आणणं’ असा, म्हणजे काम पार टोकाला नेणं. त्याच्या मागे लॅटिनमधला डोक्याचा शब्द. हॉटेलातला शेफ आणि ऑफिसातला चीफ हे त्याच भाऊबंदकीतले. ‘आपण काय म्हणतो? तडीस नेणं. तड म्हणजे काठ. त्यांनी डोक्यापर्यंत नेलं, आपण काठापर्यंत. पण मध्येच सोडून हार घालून घ्यायची सोय दोघांनीही ठेवली नाही. मुळात या शब्दात बक्षीस नव्हतंच रे, टाळ्या नव्हत्या. काम संपवणं, एवढंच होतं. टाळ्या मागाहून चिकटल्या.’ मग घरातलं उदाहरण विचारलं. पहिल्या बाकावरची उज्ज्वला म्हणाली, ‘सर, आई चुलीवरची शेवटची भाकरी उतरवून, चूल सारवून मगच उठते.’ भाऊ इतके खूश झाले, की खडू तिच्याच हातात देऊन बसले.

उज्ज्वला पिंपळनेरजवळच्या खेड्यातली. वडिलांची थोडी कोरडवाहू शेती, घरात हिच्याआधी कुणी दहावी ओलांडलेली नाही. फौजदाराच्या परीक्षेत ती लेखी, मैदानी आणि मुलाखत असे सगळे टप्पे पार करून गेली आणि तात्पुरत्या यादीत तिचं नाव आलं. आमच्याकडे मग काय होतं ते कुणाला सांगायला नको. अंतिम यादी लागायची वाट कोण बघतो? गावानं उघड्या जीपमधून तिची मिरवणूक काढली, गुलाल उधळला, डीजे लावला. आणि मी? मी चौकात वीस फुटी फ्लेक्स लावला. टोपी घातलेला तिचा फोटो (टोपीसुद्धा फोटोवाल्यानंच चिकटवलेली!) आणि खाली मोठ्या अक्षरात ‘तिनं अचीव्ह केलं! आता तुमची पाळी.’ नव्या बॅचची अॅडमिशन चालू होती ना.

भाऊ फ्लेक्स बघून थेट माझ्या केबिनमध्ये आले. ‘सुरेश, ते उतरव. आत्ताशी बाग निसवलीय, केळफूल तेवढं बाहेर पडलंय. घड कापून गाडीत चढेपर्यंत मधे वारं आहे, गारपीट आहे. तुला केळी कळत नाहीत, ठीक. शब्द तर कळतो ना?’ मी हसलो. म्हटलं, ‘भाऊ, सगळे क्लासवाले लावतात. आपण नाही लावला तर दुसरा तिचा फोटो ढापेल.’ ते शिकवायला गेले.

अंतिम यादीत उज्ज्वलाचं नाव नव्हतं. ज्या गावानं गुलाल उधळला, तेच गाव तिला पाणवठ्यावर ‘फौजदार मॅडम’ म्हणून हाका मारू लागलं. ठरत आलेलं लग्न मोडलं. पोरगी घराबाहेर पडेनाशी झाली. आणि माझा फ्लेक्स? तो चौकात तसाच. भाऊ दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यांचा आवाज चढलेला नव्हता. ‘आता तरी उतरव. आणि चल, तिच्या घरी जाऊन येऊ.’ मी म्हणालो, ‘एवढी बॅच भरू द्या, भाऊ. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे.’ त्यांनी खिशातला खडू काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि निघून गेले. मी मागे गेलो नाही. येतील दोन दिवसांत, असं वाटलं. मग मलाच राग धरून बसायची सवय लागली. आपली चूक असली की माणूस किती हट्टानं रुसतो!

दहाव्यानंतर दारावर बसायला, वहिनींच्या सांत्वनाला गेलो. देवपुरातलं ते दोन खोल्यांचं घर, भिंतीला टेकवलेली त्यांची पुस्तकं. वहिनी माझ्याकडे बघून नुसत्या ‘या’ म्हणाल्या. थोड्या वेळानं दारात उज्ज्वला आणि तिचे वडील दिसले. उठून जावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू! ती सरळ माझ्यासमोर येऊन बसली. आता गावच्या शाळेत मानधनावर शिकवते, एवढं सांगून ती रडायला लागली आणि म्हणाली, ‘सर, भाऊ दर रविवारी यायचे. पहिल्यांदा आले तेव्हा मी दार उघडलं नाही. ओट्यावर पेपर वाचत बसले आणि गेले. पुढच्या रविवारी परत. परीक्षेचं कधी काढलं नाही, आईच्या हातची भाकरी खायचे, पेपर ठेवून जायचे. चौथ्या रविवारी मी दार उघडलं.’ मग वडील माझा हात धरून म्हणाले, ‘सर, भाऊ म्हनेत, सुरेश सरनी माले धाडेल शे. बठ्ठा लोके ईसरी गयात, तुम्ही नही ईसरनात.’ सगळे विसरले, मी तेवढा विसरलो नाही म्हणे!

मी मान डोलावली.

एवढंच केलं मी. ‘नाही हो, मी नाही पाठवलं’ हे एक वाक्य तोंडातून निघालं नाही. मेलेल्या माणसानं केलेलं काम मी त्याच्याच घरात, त्याच्या बायकोसमोर आपल्या नावावर घेतलं. वहिनी सगळं जाणून होत्या. त्या उठून आत पाणी आणायला गेल्या. पाणी प्यायलो आणि घरी आलो. भाऊंनी असं का सांगितलं असेल, याचा मी दीड महिना विचार करतोय. तिला सगळ्यांनी सोडलं असं वाटू नये म्हणून? की आज ना उद्या मी जाईन, तेव्हा तिनं दार लावून घेऊ नये म्हणून? विचारायला आता ते नाहीत. तो शब्द मी फ्लेक्सवर वीस फुटी छापला, आणि भाऊ तो दर रविवारी एसटीतून तिच्या ओट्यापर्यंत नेत राहिले... एकटे.

गेले तीन रविवार मी धुळ्याच्या स्टँडवर जातो. सकाळी पिंपळनेरची गाडी फलाटाला लागते, कंडक्टर ‘साक्री, पिंपळनेर’ ओरडतो, खिडकीशी भाऊंसारखाच कुणी पेपर उघडून बसलेला असतो. मी तिकिटाचे पैसे मुठीत धरून उभा राहतो आणि गाडी सुटली की परत येतो. तुझ्यासमोर बसून ते वाक्य माझ्याच्यानं निघणार नाही, उज्ज्वला, म्हणून आधी इथं लिहितोय. हा पेपर तुझ्या गावात येतो. मी भाऊंना पाठवलं नव्हतं. एकदाही नाही. ते स्वतः येत होते, आणि मी फ्लेक्स सांभाळत बसलो होतो.

पुढच्या रविवारी मी गाडीत बसणार आहे. तोवर तू हे वाचलेलं असेल. दार उघडलं नाहीस, तर ओट्यावर बसेन.