एक दिवस आधी सुटलेली ट्रेसा

लुरीन स्टॅम्पर पूर्वी शाळेची बस चालवायची. केंटकीच्या डोंगरातल्या त्या काउंटीत जिच्या तोंडाशी तिने बस थांबवली नाही अशी एकही घळ नव्हती. पुढे खाणी बंद पडल्या, माणसं गाव सोडून गेली, तिची बसही बंद झाली. मग तिला कोर्टात काम मिळालं. नशेपायी गुन्ह्यात अडकलेल्यांना तुरुंगात टाकण्याऐवजी उपचाराला लावणारं ते कोर्ट. तिथल्या माणसांची केस लुरीन सांभाळायची. त्यांना दवाखान्यात पोचवायचं, राहायला धड जागा बघायची, लघवीची तपासणी करवायची, आणि दर गुरुवारी जजसमोर जे असेल ते खरं सांगायचं. समोर येऊन बसणारे कितीतरी जण कधीकाळी तिच्या बसमध्ये दप्तर मांडीवर घेऊन बसलेले होते.

पहिल्याच वर्षी एव्हरेट नावाचा एक जण शिक्षेचे चार दिवस भोगून बाहेर आला आणि संध्याकाळच्या आत मेला. आत असताना शरीराची सवय मोडते, बाहेर येऊन माणूस पूर्वीइतकीच नशा करतो, घोरायला लागतो आणि मग श्वास बंद पडतो, हे डॉक्टरांनी तिला नंतर सांगितलं. तेव्हापासून कुणी सुटणार म्हटलं की लुरीन स्वतः तुरुंगाच्या फाटकाशी जाऊन उभी राहायची.

ट्रेसा नोबल त्या हिवाळ्यात सगळ्यांत चांगली चालली होती. विशीतली पोरगी, जिभेने तिखट. वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात कामाला लागली होती. वसंतात तिच्या तपासणीत नशा सापडली. कोर्ट भरण्यापूर्वीच्या बैठकीत ते सांगणं लुरीनलाच भाग होतं. तिने सांगितलं, आणि लगेच तुरुंग नको म्हणून विनवलंही. एव्हरेटचं नावसुद्धा काढलं. जज पेनिंग्टन वाईट माणूस नव्हते. पण ट्रेसाने आदल्याच आठवड्यात त्यांच्या तोंडावर खोटं सांगितलं होतं. त्यांनी सोमवारपर्यंत आत ठेवायचा हुकूम दिला.

ट्रेसाला नेताना लुरीन तिच्याजवळ गेली. "सोमवारी सकाळी मी फाटकाशी उभी असेन," ती म्हणाली. "माझ्याशिवाय कुणाच्या गाडीत बसायचं नाही."

"कोण येतंय मला न्यायला, मिस लुरीन?" ट्रेसा म्हणाली. "लाइन लागलीय की काय?"

रविवारी चर्चनंतर मागच्या हॉलमध्ये जेवण होतं. लुरीन ताटात शिजवलेला घेवडा वाढून घेत होती, तेवढ्यात तुरुंगाच्या स्वयंपाकघरात काम करणारी ग्लेना सहज बोलून गेली की आत माणसं मावेनाशी झाली म्हणून सकाळी बऱ्याच जणांना सोडून दिलं, तुझी ती नोबलची पोरगीही गेली. कशी गेली, असं लुरीनने विचारलं. डॉयल म्हणून एकाचा ट्रक फाटकाबाहेर उभा होता, त्यातून.

लुरीनने ताट तिथेच ठेवलं.

डॉयलला ती ओळखत होती. ट्रेसाला या वाटेला लावणारा तोच, आणि माणसांच्या अंगावर धावून जाणारा म्हणून त्याची ख्याती होती. ट्रेसाचा फोन बंद होता. शेरीफच्या ऑफिसात लावला, तर पोलिसांची गाडी काउंटीच्या दुसऱ्या टोकाला अपघातावर गेलेली. एकटी जाऊ नका, थांबा, असं तिकडच्या माणसाने बजावलं. नियमही तोच होता. लुरीनने गाडी डॉयलच्या घळीच्या रस्त्याला घातली. पुलापलीकडे फोनची रेंजही गेली.

डॉयलचं घर म्हणजे चाकावरचं जुनं लोखंडी घर, पायऱ्या लाकडाच्या. तो दारातच उभा होता, उघडाबंब, दार अडवून. ट्रेसा कुठाय, तिने विचारलं.

"झोपलीय."

"मला बघू दे."

"झोपलीय म्हटलं ना. जा तुम्ही."

लुरीनला वाटलं, वळावं आणि पळावं. गाडीचं दार उघडंच होतं. पण त्याच्याकडे बघताना तिच्या लक्षात आलं, याच्याही तोंडचं पाणी पळालंय.

"घोरतेय का ती?" तिने विचारलं.

त्याने मागे वळून आत पाहिलं. मग हळूच म्हणाला, "घोरत होती. आता नाही घोरत."

ती त्याला ढकलून आत शिरली. ट्रेसा सोफ्यावर आडवी होती, ओठ निळे, नखं निळी. लुरीनने पिशवीतून नाकात मारायचा फवारा काढला. नशा उतरवणारं ते औषध ती कायम जवळ बाळगायची. फवारा मारला आणि पोरीच्या तोंडात स्वतःचा श्वास भरायला लागली. मान वर न करता तिने डॉयलला सांगितलं, खाली चर्चपाशी जा, तिथे रेंज येते, तिथून रुग्णवाहिका बोलव. तो म्हणाला, मी पॅरोलवर आहे, मला परत आत टाकतील.

"मग टाकतील," लुरीन म्हणाली. "जा."

ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला आणि खाली विरत गेला. तो चर्चपाशी थांबणार की राज्याबाहेर पळणार, हे कळायला मार्ग नव्हता. लुरीन श्वास देत राहिली. दुसरा फवाराही मारला. पिशवीत आता काही उरलं नव्हतं. एव्हरेट गेल्याचं तिनेच त्याच्या आईला सांगितलं होतं, त्या बाईचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. ट्रेसाची आई कुठे राहते तेही तिला ठाऊक होतं. तिथे जाऊन काय बोलायचं, याचे शब्दसुद्धा मनात जुळायला लागले होते आणि ते थांबवता येत नव्हते.

मग ट्रेसाच्या छातीत काहीतरी अडकल्यासारखा आवाज झाला. तिने एक लांब श्वास ओढला आणि पुन्हा एक. डोळे किलकिले करून ती बघत राहिली.

"तुम्ही उद्या येणार होतात," ती पुटपुटली.

लुरीनला रडू फुटलं ते तेव्हा. खालून भोंगा ऐकू आला. डॉयलने फोन केला होता. तो स्वतः मात्र परतला नाही.

पुढच्या गुरुवारी लुरीनने बैठकीत घडलं ते सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. आपल्या कोर्टाने आत पाठवलेला माणूस लुरीनला कळवल्याशिवाय सोडायचा नाही, असा हुकूम जज पेनिंग्टननी त्याच दिवशी काढला. ट्रेसाला तुरुंगात न धाडता लेक्सिंग्टनकडच्या एका उपचारगृहात ठेवलं. ती तिथे राहिली, चिडली, पळायच्या बेतात होती, पण राहिली.

लुरीनने मात्र राजीनामा लिहायला घेतला होता. झोप उडाली होती. अशातच एका दुपारी ऑफिसच्या दारात डॉयल येऊन उभा राहिला. तिने नकळत खुर्ची मागे सरकवली.

"जगली का ती?" त्याने विचारलं.

"जगली."

त्याने मान हलवली, पण गेला नाही. टोपी हातात फिरवत राहिला. तुमच्या त्या कोर्टात माझ्यासारख्याला घेतात का, असं त्याने भिंतीकडे बघत विचारलं.

लुरीनला त्याची भीती वाटत होती, आणि ती लपवायचं त्राण तिच्यात नव्हतं. "दार उघडंच राहू दे," ती म्हणाली, "आणि बस."