खोडलेला परिच्छेद

नववीचे नागरिकशास्त्राचे पेपर तपासताना सानिकाच्या उत्तरात एक अख्खा परिच्छेद खोडलेला दिसला. मजकूर वाचता येत होता; त्यात एका पक्षाची बाजू मांडली होती आणि मुद्दे चोख होते. त्याखाली मात्र तिने मी वर्गात मांडलेलं मत जसंच्या तसं उतरवलं होतं. मी तिला बोलावून विचारलं, "का गं खोडलंस?"

ती खाली बघत म्हणाली, "बाई, तुम्ही त्या दिवशी त्या पक्षाला हसलात. माझे बाबा त्याच पक्षात आहेत. मार्क गेले असते."

मी वर्गात मोकळेपणाने बोलते, याचा मला केवढा अभिमान होता!

"अगं, खोडलेलंच उत्तर चांगलं होतं."

"हो बाई," ती लगेच म्हणाली. तेव्हापासून वर्गात कुणी पटकन 'हो' म्हटलं की मला धास्ती वाटते.