हातगाडीवाल्यांचा पणतू

पूर्वज या विषयावर जगात आजवर जेवढं बोललं गेलं असेल, त्यातलं निम्मं एकाच माणसाने बोललेलं आहे, आणि तेही बरंचसं माझ्या सोफ्यावर बसून. सौदी अरेबियातल्या रास तनुराच्या रिफायनरीत आम्ही एकाच विभागात होतो. ते अमेरिकेतल्या यूटाचे, मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाचे, वयाने माझ्याहून बरेच मोठे आणि पंपांच्या बाबतीत आम्हा सगळ्यांचे गुरू. पण पंपाबद्दल काही विचारलं तरी उत्तर त्यांच्या पणजीपासून सुरू व्हायचं. ही पणजी आपल्या पंथाच्या माणसांबरोबर इंग्लंडहून बोटीने अमेरिकेला आली आणि बैल घ्यायची ऐपत नव्हती म्हणून सगळा संसार एका हातगाडीवर टाकून, ती गाडी स्वतः ओढत, अर्धा खंड चालून गेली. मग त्या लोकांनी ओसाड माळावर पाट खणले, गावं वसवली. हे सगळं मला इतकं पाठ झालं होतं की मध्येच त्यांना शिंक आली तर पुढचं वाक्य मी म्हणत असे. आम्ही भारतीय मंडळी आपापसात त्यांना ‘हातगाडीवाले’च म्हणायचो.

नुसतं आपलं सांगून ते थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांना समोरच्याचेही पूर्वज हवे असत. माझे पणजोबा कोकणातून घाट चढून पुण्याला आले, एवढीच माझ्याजवळची शिल्लक. “चालत?” त्यांनी डोळे चमकवून विचारलं. पणजोबांना दमा होता हे मी ऐकून होतो, पण पाहुण्याचा विरस कसा करायचा? “चालत,” मी म्हटलं. “आणि सामान?” “डोक्यावर.” त्या संध्याकाळी माझे दमेकरी पणजोबा डोक्यावर जातं घेऊन अख्खा घाट चढले. पाहुणे गेल्यावर बायको म्हणाली, “जातं कशाला दिलंत हो त्यांच्या डोक्यावर? एखादं बोचकं दिलं असतं तर भागलं नसतं का?”

बायकोला ते त्यांच्या पंथाच्या रीतीप्रमाणे ‘सिस्टर’ म्हणत. तिने ते शब्दशः घेतलं आणि भाऊबीजेला त्यांना पाटावर बसवून ओवाळलं. चहा-कॉफी त्यांना वर्ज्य, त्यामुळे ते आले की तिचे हात बांधल्यासारखे व्हायचे. शेवटी मसाला दुधावर तोडगा निघाला. ते यायचे मात्र भलत्याच लवकर. मुलीच्या वाढदिवसाला चारला बोलावलं तर हे दीडलाच दारात, आणि मी पंचा नेसून! मग बायको त्यांच्यापुढे मटार सोलायला ठेवायची. याचंही मूळ पणजीतच होतं. तिचा तांडा त्या वर्षी उशिरा निघाला आणि वाटेत बर्फात सापडला. तिचा धाकटा मुलगा तिथेच गेला. तेव्हापासून त्या घराण्यात कुणी कुठेही उशिरा निघत नाही. मी यावर फार विनोद करत असे.

मग इराकने कुवेत गिळलं. सरहद्द आमच्यापासून फार लांब नव्हती. लोकांनी खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या, कंपनीने गॅसचे मुखवटे वाटले, पण मी मात्र रोज रेडिओ ऐकून ‘लढाई होणार नाही’ असं सांगत फिरत होतो. डिसेंबर सरला तरी भाकीत खरं ठरत होतं, त्यामुळे मी आणखीच असह्य झालो होतो. मुलीला घेऊन पुण्याला जावं असं बायकोच्या मनात होतं. मी त्यासाठी लागणाऱ्या एक्झिट व्हिसाचा अर्जच करत नव्हतो. इतर कुणाची बायको अजून गेली नव्हती. आमचीच पहिली पळाली, असं कुणी म्हटलं तर?

एका शुक्रवारी हातगाडीवाले आले, दूध बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदाच चालण्याची नव्हे, निघण्याची गोष्ट सांगितली. “सिस्टर, उशीर झालाय हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे हिवाळा आहे हेही ठाऊक होतं. पण ‘नको’ म्हणून घाबरट कोण ठरणार?” माझ्याकडे त्यांनी बघितलंदेखील नाही. बायकोने गॅस बंद केला आणि माळ्यावरची बॅग काढली. दुसऱ्या दिवशी मी व्हिसाच्या रांगेत उभा होतो.

जवळच्या दहरानहून तिकिटं मिळेनात; देशाच्या दुसऱ्या टोकाच्या जेद्दाहून मिळाली. म्हणजे सगळं वाळवंट आडवं ओलांडायचं. त्यांनी रजा काढली, आपली जुनी स्टेशन वॅगन आणली आणि सोबत वजनकाटा. हातगाडीवर माणशी सतरा पौंड सामान चालायचं, तोच नियम आम्हाला लागला. मिक्सर राहिला, चांगल्या साड्या राहिल्या. बाळकृष्ण आणि तवा पास झाले. सहा वर्षांच्या मुलीने समुद्रावरचे शिंपले पिशवीभर घेतले होते, त्यामुळे काटा पुढे गेला. त्यांनी थोडा विचार केला आणि माझा फ्रेम केलेला फोटो बाहेर काढला. शिंपले पास झाले.

“काय काय नेतेयस ते नीट लक्षात ठेव,” ते तिला म्हणाले. “नंतर विचारतात.”

“कोण विचारणार, अंकल?”

“तुझे पणतू.”

मी मागच्या सीटवर बॅग मांडीवर घेऊन बसलो होतो. पणजीबद्दल बोलताना ते जसे बघत, तसेच आम्हा तिघांकडे बघत होते. मला अगदी ओशाळल्यासारखं झालं. सुटलेलं पोट, डळमळलेलं भाकीत, आणि म्हणे मी पूर्वज.

जेद्दाच्या विमानतळावर बायको त्यांना म्हणाली, “भाऊ, यांना सांभाळा.” हे वाक्य मीच त्यांना इंग्रजीत करून सांगितलं. “सामान राखायला प्रत्येक तांड्यात कुणीतरी मागे राहतंच,” ते म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही परत आलो आणि थोड्याच दिवसांत सायरन वाजायला लागले. त्यांच्या बाथरूममध्ये, दाराखाली ओला टॉवेल कोंबून, आम्ही दोघं टबच्या काठावर बसायचो. तिथे मी पहिल्यांदा आपण होऊन विचारलं, “बर्फात गेलेल्या त्या मुलाचं नाव काय होतं?” त्यांनी सांगितलं. माझी मुलगी तेव्हा पुण्यात शाळेत जात होती.

आता ती कॅनडात असते. तिचा मुलगा फोनवर विचारतो, “आजोबा, आई वाळवंटातून कशी गेली?” मी सांगतो. सांगता सांगता वारा सुटतो, वाळू उडते, वॅगन बंद पडते आणि मी ती ढकलत ढकलत जेद्दाच्या वाटेला लावतो. परवा मुलगी मध्येच म्हणाली, “बाबा, गाडी बंद पडलीच नव्हती.” बायकोही स्वयंपाकघरातून तेच म्हणाली. हातगाडीवाले असते तर मसाला दुधाचा पेला खाली ठेवून म्हणाले असते, “पडली होती. मीही मागून ढकलत होतो.” पण त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली, आणि माझ्या बाजूने बोलणारं दुसरं कुणी राहिलेलं नाही.