दोन्ही हात डावे

कुठलाही भाग जागेवर बसवला की मावशी तो उजव्या कानाशी न्यायच्या, अंगठ्याने एकदा दाबायच्या आणि म्हणायच्या, "बोलला." मगच तो पुढे सरकायचा. आमच्या शेडमध्ये शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. तिथे एवढ्याशा क्लिपचा 'टक्' त्यांना कसा ऐकू यायचा, देव जाणे. "बोलला न्हाई तवर बसला न्हाई," हे त्यांचं शास्त्र. नव्या पोरी आधी हसायच्या आणि महिनाभरात त्याही आरसा कानाशी धरायला लागायच्या.

शिरवळच्या या कारखान्यात आम्ही गाड्यांच्या दाराला लागणारे बाहेरचे आरसे बनवतो. मी तपासणीला आहे, म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोट काढायची हे माझं काम. मावशी अकरा वर्षं एकाच खुर्चीवर होत्या, डाव्या आरशाच्या लाइनवर. तिथे फक्त डावा आरसा जोडायचा. उजव्याची लाइन वेगळी, माणसं वेगळी. मावशींचं गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढे. नवरा मुंबईला गोदीत, त्या शिरवळला खोली घेऊन एकट्या. मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. "काय रं क्वालिटी," एवढंच.

आता माझी एक गोष्ट सांगतो, हसलात तरी चालेल. तिशी ओलांडली तरी मी प्लॅस्टिकचे रोबो जोडतो. डब्यात चौकटींना चिकटलेले शेकडो तुकडे येतात. ते कापायचे, घासायचे, एकमेकांत बसवायचे, की वीतभर उंचीचा रोबो उभा राहतो. सुट्टीला सांगलीला गेलो की आई पाहुण्यांना सांगते, "आमचा अजून खेळण्यातनं बाहेर आलेला नाही." या रोबोंची एकच उणीव. त्यांचे हात म्हणजे नुसत्या मिटलेल्या मुठी. म्हणून दुसऱ्याच कंपन्या त्यांच्यासाठी सुटे हात बनवून विकतात, प्रत्येक बोट तीन ठिकाणी वाकणारे. मूळ कंपनीचा त्यांच्याशी संबंध नसल्यामुळे मापं कधी धड जुळत नाहीत. खुंटी जाड, नाहीतर भोक मोठं. सोबतचा कागद चिनी भाषेत.

असलं एक पाकीट मी मागवलं आणि तीन सुट्ट्या त्यात घालवल्या. माझी बोटं जाडी, ती बोटं बारीक. चिमट्यातून उडालेलं एक बोट आईला केरात सापडलं. शेवटी एका मित्राला दाखवायला म्हणून रोबो आणि पाकीट कँटीनमध्ये नेलं, तर मावशींनी मान लांब करून पाहिलं.

"ह्ये काय रं? जोंधळं हायत का काय?"

"बोटं आहेत, मावशी. रोबोची. मला जमत नाहीत."

"आण हिकडं."

डब्याच्या झाकणात त्यांनी सगळे तुकडे ओतले, ॲप्रनला हात पुसले आणि बसल्या. लाइनवरच्या एका पोरीकडून नखं घासायची पट्टी घेतली, त्या पट्टीने जाड खुंट्या घासल्या. सैल भोकांसाठी तिच्याचकडची नेलपॉलिश, खुंटीला एक हात मारून वाळू द्यायची. अंगठे फारच डगमगत होते, त्यांना गोंदाचा थेंब. प्रत्येक सांधा कानाशी. दोन दिवसांच्या जेवणाच्या सुट्टीत दोन्ही हात तयार झाले. मी तोंडाचा आ करून बघत राहिलो आणि मग नीट पाहिलं.

दोन्ही हात डावे होते.

त्या पाकिटात तळव्याचा तुकडा दोन्ही हातांना एकच असतो. अंगठा कुठल्या बाजूच्या खोबणीत घालायचा, यावर हात डावा की उजवा ते ठरतं. मावशींची बोटं अकरा वर्षं डाव्या आरशाच्या मागे वळत आलेली, ती इथेही तशीच वळली. आख्खं कँटीन हसलं. मावशींनी दोन्ही हात तळव्यावर घेतले, शेजारी स्वतःचे धरून पाहिले.

"व्हय की. डावंच झाल्यात दोनी."

मी म्हटलं, "असू द्या, अंगठा काढून फिरवतो."

"गोंद लावलाय, मोडंल त्यो. राहू दे. चूक माझी हाय, दिसू दे. लपवायची कशाला?" मग त्यांनी स्वतःच ते हात रोबोच्या मनगटांवर दाबले, कानाशी नेऊन ऐकले आणि रोबो माझ्या तपासणीच्या टेबलावर उभा केला. "आन् दोन डाव्या हातानं काम हुत न्हाई, आसं कुणी सांगितलंय?"

पुढे महिनाभरात डाव्या लाइनवर यंत्र येणार असल्याची सूचना लागली. खरा रोबो, जमिनीत ठोकलेला, पिवळा. तो आला त्या दिवशी मावशी त्याला एक फेरी मारून आल्या. "ह्याला तर एकच हात हाय की रं," म्हणाल्या. पण चेहरा हसरा नव्हता.

डाव्या लाइनच्या बायकांना उजवीकडे घेणार होते, एका चाचणीनंतर. न जमल्यास पॅकिंगला. पॅकिंगला खुर्ची नसते, दिवसभर उभं राहून खोकी चिकटवायची. पन्नाशीच्या पुढची बाई तिकडे गेली की सहा महिन्यांत आपणहून घरी बसते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मावशी तेव्हा चोपन्न वर्षांच्या होत्या.

पहिल्या चाचणीत त्यांनी पाचपैकी तीन आरशांची वायर डाव्या बाजूने ओवली. नवा इंजिनियर पोरगेला होता, वाईट नव्हता. त्याने आपणहून नोकरी सोडायचा कागद पुढे ठेवला. तो म्हणाला, "मावशी, हात आता वळायचा नाही. या वयात कशाला त्रास? इथं सही करा."

"सही करणार न्हाई," मावशी म्हणाल्या. "पॅकिंगला जा म्हंता तर जाती. पर पंधरा दिसांनी मला परत बसवायचं. तवा न्हाई जमलं तर तुमी म्हंता तिथं अंगठा उठवते."

"घरी आराम करावासा वाटत नाही का?"

"घरी काय करू? शेरडं राखू? राखली की बारा वर्सं. एवढ्या वर्सांनी पयल्यांदा खुर्ची मिळाली, ती मी माझ्या हातानं सोडंन. तुमच्या न्हाई."

इंजिनियरने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या रोबोकडे पाहिलं.

त्याच दिवशी जेवताना त्यांनी मला हुकूम सोडला, "क्वालिटी, त्या हाताचं अजून एक पाकीट मागव. आन् ह्याला गोंद न्हाई लावायचा."

पाकीट आलं. त्यातून मावशी फक्त उजवा हात जोडायच्या, मोडायच्या, पुन्हा जोडायच्या. पॅकिंगला दिवसभर उभं राहून पाय सुजलेले असायचे, तरी जेवणाच्या सुट्टीत झाकण पुढ्यात. दोन दिवस अंगठा डावीकडेच जायचा, मग त्या स्वतःच्याच हातावर चापट मारायच्या. आठवडा गेला आणि त्या तुकड्यांकडे न बघता जोडू लागल्या. शेवटी शेवटी कंपनीच्या बसमध्ये, मांडीवर रुमाल पसरून, डोळे मिटून. बाजूला बसलेल्यांना वाटायचं, जप चाललाय. मी त्यांना भडंगाची पुडी पुढे करायचो, तर म्हणायच्या, "हात तेलकट हुतील. दाणं तेवढं तोंडात टाक." आणि मी, कारखान्याचा तपासनीस, भर बसमध्ये त्यांना शेंगदाणे भरवायचो.

दुसऱ्या चाचणीला तपासणीला मीच होतो. आदल्या दिवशी त्यांनी मला गाठलं.

"हे बघ, वळख काढायची न्हाई. चुकलं तर चुकलं लिव. न्हाईतर परत तुझ्याशी बोलणार न्हाई."

खरं सांगतो, एवढी भीती मला माझ्या नोकरीच्या मुलाखतीतही वाटली नव्हती. पन्नास आरसे होते, दोनपर्यंत चूक माफ. मावशी एकेक जोडत, कानाशी नेत आणि माझ्याकडे सरकवत होत्या. वायर उजवीकडून, क्लिप उजवीकडून. सदतिसाव्याच्या झाकणावर केसाएवढा ओरखडा होता. इंजिनियर मागे उभा. माझा हात थांबला. मावशींनी मान वर न करता विचारलं, "काय रं, दिसत न्हाई का तुला?" मी त्यावर लाल चिकटपट्टी लावली. माझे डोळे भरून आले होते, हे सांगायला मला आज लाज वाटत नाही.

पन्नासात तेवढा एकच. इंजिनियरने सहीचा तो कागद फाडला आणि म्हणाला, "मावशी, जिंकलात."

"जिंकायचं काय त्यात? माझीच खुर्ची हुती," त्या म्हणाल्या आणि एक्कावन्नावा आरसा उचलला.

पुढची चार वर्षं त्या उजव्या लाइनवर होत्या. निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ घेऊन साहेब लोक दोनलाच आले, फोटोवाला घाईत होता. मावशी उठल्या नाहीत. "भोंगा तीनला हुतो. शाल थांबंल, आरसा न्हाई थांबत." सगळे एक तास ताटकळले. भोंगा झाला, त्यांनी शेवटचा आरसा कानाशी नेला, "बोलला" म्हणाल्या आणि मग शालीसाठी खांदे पुढे केले. जाता जाता चाचणीआधी जोडून-मोडून हाताळलेला तो उजवा हात माझ्या मुठीत ठेवला. दुसऱ्या दिवशीच्या एसटीने त्या गावी गेल्या. आता त्यांच्या खुर्चीवर एक पंचविशीची मुलगी बसते. तीही कानाशी धरते, कुणाकडून आलं हे तिला माहीत नाही.

रोबो अजून माझ्या टेबलावर आहे. परवा पाहणीला आलेल्या एका पाहुण्यांनी तो उचलला, अंगठे निरखले आणि म्हणाले, "अहो, तपासणीच्या टेबलावर असली चूक? बदलून टाका."

मी खणातून मावशींचा उजवा हात काढला. त्यांच्यासमोर तो कानाशी धरला आणि अंगठ्याने दाबला. तो बोलत नाही. एवढ्या वेळा जोडला-मोडलाय की त्याच्या साऱ्या खुंट्या झिजून गेल्यात, कुठल्याच मनगटावर तो आता ठरत नाही.

"बदलणार नाही," मी म्हटलं. "उजवा हात हा आहे. कामावर झिजलाय."