बाटल्यांवरचं नाव

सर माझे गाईड. त्यांच्याबद्दल कुणी वाकडं बोललं की मी भांडायला उठायचे, इतकी मी खुळी.

नाशिकच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत चार वर्षं मी आयर्न ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण बनवले. एमआरआयच्या आधी ते रक्तात सोडले की आजारी भाग चित्रात वेगळा उठून दिसतो. पण नुसते कण रक्तासारख्या खारट पाण्यात गोळा होऊन तळाला बसतात, म्हणून त्यांच्यावर लेप चढवायचा. तो लेपच टिकेना. पिंपळगावहून पहिल्या एसटीनं यायचं, थेंब थेंब टाकत बसायचं, आणि संध्याकाळी पुन्हा गाळ. तिसऱ्या वर्षी मी लेपाआधी कण सायट्रिक ॲसिडमध्ये ठेवून पाहिले. बाटली महिनाभर तशीच राहिली, तळाला कणभर गाळ नाही. शप्पथ सांगते, मी त्या बाटलीशी बोलायचे.

आमच्याकडे एक रीत होती. परीक्षा संपल्या की शिपाईमामा कपाटं आवरायचे आणि विद्यार्थ्यांच्या नावाच्या बाटल्या सरळ ओतून द्यायचे. सरांच्या नावाला हात लावायची मात्र त्यांची टाप नव्हती. म्हणून आम्ही सगळेच चिठ्ठीवर सरांचं नाव लिहायचो. सरांना हे ठाऊक होतं, त्यावर ते हसायचेही.

मग माझ्या या कामावरचा पेपर संशोधनाच्या मासिकात छापून आला. पहिलं नाव सरांच्या लेकीचं, जिनं आमच्या प्रयोगशाळेत पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं. दुसरं सरांचं. माझं नव्हतंच. आयत्या बिळावर नागोबा! काम दुसऱ्याच्या नावावर गेलं म्हणजे माझी पीएचडी संपली. प्रयोगांच्या नोंदींची माझी वही सरांकडे तपासायला होती. मागितली, तर सापडत नाही म्हणाले. मी विभागप्रमुख मॅडमकडे गेले, निदान माझ्या बाटल्या तरी बघा म्हणाले. त्या सरांना घेऊन कपाटापाशी आल्या आणि एकेक बाटली फिरवून पाहू लागल्या.

"नाव तर सरांचं आहे," त्या म्हणाल्या. "आणि अक्षर तुझंच ना?"

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ते चष्मा पुसत राहिले. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

मॅडम गेल्यावर सर हळू आवाजात म्हणाले, "पेपरच्या शेवटी आभारात तुझं नाव घातलंय मी."

कपाटातली बाटली उचलून त्यांच्यासमोर आपटायला हवी होती. फाडफाड बोलायला हवं होतं. आणि मी काय म्हणाले?

"थँक्यू, सर."