उडालेलं खाली बसू द्या

संडासाच्या दारात खराटा आडवा धरून मावशी उभ्या राहायच्या. "दम धरा. आत्ताच पाणी सोडलंय. उडालेलं खाली बसू द्या." घाईतला पेशंट कुरकुरायचा, पण खराटा हलायचा नाही.

कोरोनाची दुसरी लाट होती. भोरमधल्या एका वसतिगृहात उपचार केंद्र उघडलं होतं. औषधांचं आणि सामानाचं स्टोअर माझ्याकडे होतं. मावशी वरवे बुद्रुकच्या, पन्नाशीतल्या. काम संडास धुण्याचं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना पाहतो, ऐकत मात्र नाही.

आम्ही सगळे खोकल्याला भ्यायचो. मावशींनी एकदा डॉक्टरांना थांबवून विचारलं, "सायेब, ह्यो रोग खोकल्यात हाय म्हंता, मंग घाणीत न्हाई व्हय?"

आम्ही हसलो. डॉक्टर हसले नाहीत. "शौचात विषाणूचे अंश सापडतात, मावशी. घसा साफ झाल्यावरही कधी कधी बरेच दिवस. पण त्यातून आजार पसरतो का, किती पसरतो, ते अजून नक्की माहीत नाही."

"म्हंजी हाय," मावशी म्हणाल्या. पाण्यासोबत घाणीचे तुषार उडतात, म्हणून त्या दिवसापासून खराटा दारात आडवा यायला लागला.

दुपारी त्या स्टोअरच्या खिडकीशी आल्या. "दादा, वार्डातल्या बायांना दिलाय तसला जाड मास्क मलाबी द्या की."

"तुम्ही कुठं पेशंटजवळ जाता, मावशी? तुम्हाला कापडी पुरे."

"बरं. उरला तर ठेवा." वाद नाही, रुसवा नाही. कापडी मास्कवर पदर घट्ट बांधून त्या कामाला लागल्या.

गुंजवण्याच्या एका म्हाताऱ्याला जुलाब लागले होते. अंथरुणातच झालं. आम्ही दारात एकमेकांकडे बघत राहिलो. मावशी गरम पाणी घेऊन आत गेल्या. "लाजू नका आबा. माझ्या बापाचंबी केलंय म्या." आबा बरे होऊन घरी गेले. जाताना मावशींपुढे हात जोडून रडले.

त्यानंतर काही दिवसांनी मावशींचं पोट बिघडलं. "काय तरी शिळं खाल्लं आसंल," म्हणत त्यांनी आणखी दोन दिवस संडास धुतले. तिसऱ्या दिवशी धाप लागली. पुण्याला नेलं. तिथंच गेल्या.

लागण कुठून झाली, कुणालाच सांगता येणार नाही. डॉक्टरही तेच म्हणाले. पण मला एवढं माहीत आहे, की त्या आठवड्यात माझ्या कपाटात जाड मास्कचं एक न फोडलेलं खोकं होतं. पुढे लागतील म्हणून मी राखून ठेवलेलं.

त्यांची लेक पिशवी आणि चपला न्यायला आली. बराच वेळ घुटमळली. मग म्हणाली, "दादा, आईला चांगला मास्क दिला व्हता ना?"

"दिला होता," मी म्हणालो.

तिनं डोळे पुसले. "मंग बरं झालं. तुमी तरी जपलं तिला." आणि चपला पदरात गुंडाळून ती फाटकाबाहेर पडली.